पारासमोरून पळताना

मला पळायला लावलं ते आमच्या शेळीनं. एका सकाळी तिनं दावं तोडलं आणि ती थेट नरसीच्या डांबरी रस्त्याला लागली. मी मागं धावले. वीसेक पावलं गेले असेन, तेवढ्यात रस्त्याच्या कडेलाच बसकण मारली. छातीचा भाता झालेला, डोळ्यांपुढं काजवे. शेळी थोडं पुढं जाऊन थांबली आणि माझ्याकडं बघत निवांत बाभळीचा पाला खाऊ लागली. तिला माझी दया आली होती, असं मला अजूनही वाटतं.

मी शिवणकाम करते. वीस वर्षं मशीनवर बसून गावातल्या बायकांची मापं घेतली, त्यात माझं स्वतःचं माप कुठल्या कुठं गेलं ते कळलं नाही. उपकेंद्रातल्या सिस्टरनं रक्त तपासलं तर साखर काठावर. "गोळी सुरू करायची नसंल तर पळा," ती हसत म्हणाली. तिनं थट्टा केली होती, पण मी ती मनावर घेतली. माझी आई साखरेपायी शेवटची दोन वर्षं बाजेवर होती. पायाची जखम भरली नाही ती नाहीच. मला तसं पडायचं नव्हतं.

लेकीचे जुने शाळेचे बूट मला बराबर बसले. पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी, आणि तांबडं फुटताच शेताकडच्या पांदणीनं मी निघायची. एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत पळायचं, मग चालायचं. पहिल्या आठवड्यात समोरून येणारा प्रत्येक माणूस घाबरून विचारायचा, "काहून पळून राहिल्या? कोनी गेलं का?" एकानं तर गाडी वळवली आणि मला सोडायला निघाला. बसा म्हणाला, पायाला तकलीफ कशाला देता. नाही म्हणता म्हणता माझा दम त्यातच गेला. पण मी हट्टी आहे. तीन महिन्यांनी बाभळी मोजायचं सोडून दिलं.

हिंगोलीची काही मंडळी दर रविवारी मिळून पळतात. मास्तर, दुकानदार, दोघी-तिघी बायका, आमची सिस्टरही. नरसीच्या मंदिरापासून निघायचं आणि आमचं गाव ओलांडून शाळेपाशी थांबायचं. पाच किलोमीटर. सिस्टरनं मला त्यांच्यात ओढलं. मी मनाशी ठरवलं, एकदा तरी हे अंतर न थांबता पळायचं. ते जमलं तर आईच्या वाटेनं मी जाणार नाही, अशी खूणगाठ माझी मीच बांधली होती.

अडचण एकच होती. शाळेच्या अलीकडं गावातला पार, आणि पारावर सकाळी सकाळी बसलेले माझे सासरे, म्हणजे मामाजी. आमच्याकडं सून पारासमोरून जाते ती थांबून, पदर नीट करून, मान खाली घालून, सावकाश. चोवीस वर्षं मी तशीच गेलेय.

पहिल्या रविवारी साडेचार किलोमीटर झाले. हत्ती गेला, शेपूट राहिलं, असं म्हणतेय तोच पार दिसला. पारावर मामाजी दिसले आणि माझे पाय आपोआप थांबले. मी ओढणी पुढं ओढली. माझ्यामागून येणाऱ्या मास्तरीणबाई माझ्या पाठीवर आदळल्या. परत पळायला गेले तर पोटरीत असा गोळा आला की शाळेपर्यंत लंगडत गेले. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मामाजींचा नाही. माझ्या पायांचा.

सासऱ्यांशी मी कधी समोरासमोर बोललेले नाही. काही सांगायचं असलं की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं सांगायचं, त्यांनी ऐकायचं. त्या संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. मामाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. मी शेळीला पाला टाकला आणि तिलाच म्हणाले, "ऐक गं. येत्या रईवारी मी पारापुढं थांबनार न्हाई. माझ्या मनात कोनाबद्दल कमीपना न्हाई. पन थांबले की माझे पाय धरतेत. कोनाला राग आला तर मी काय करू?"

अडकित्ता थांबला. मग पुन्हा चालू झाला. आठवडाभर मामाजी रोजच्यासारखे पारावर जात-येत राहिले. जेवण तेवढंच, चहा तेवढाच. ते रागावलेत का, मला कळेना, पण मी दावणीपाशी बोलले होते आणि आता माघार घ्यायची नव्हती.

रविवार आला. साडेचार किलोमीटर झाले, वळण आलं, पार दिसला. पाच-सहा म्हातारी माणसं बसलेली. माझे पाय जड झाले, हात ओढणीकडं गेला. तेवढ्यात मामाजी काठी टेकत उठले. "तिकडं फिरा रे सगळे," ते बाकीच्यांना म्हणाले, "माझी सून येऊन राहिली." आणि ते स्वतः माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. त्यांच्या मागोमाग सगळा पार कुरकुरत फिरला आणि पारावरच्या कडुलिंबाच्या बुंध्याकडं बघत बसला. बघणारंच कुणी नाही, तर थांबायचं कुणासाठी? मी ओढणी सोडली आणि सहा पागोट्यांच्या पाठीमागून पळत गेले. शाळेपाशी पोचेपर्यंत थांबले नाही. तिथं मात्र सिस्टरच्या गळ्यात पडून मी हमसून हमसून रडले.

घरी आले तर मामाजी दावणीपाशी उभे. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. शेळीच्या पाठीवर हात ठेवून तिलाच म्हणाले, "सांग गं तिला, पुढच्या रईवारी जरा जोरात पळ म्हनावं. तिकडं पाहू पाहू मान आखडली माझी."