उदयोन्मुख मास्तर

मास्तरांनी पंचेचाळिशी ओलांडली होती, जिना चढताना त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायचा, आणि तरीही क्रिकेट संघटनेच्या लेखी ते उदयोन्मुख खेळाडू होते. यात त्यांचा काही दोष नव्हता. सगळा राष्ट्रीय संघच उदयोन्मुख होता आणि कित्येक वर्षं उदयोन्मुखच होता. देशातले यच्चयावत क्रिकेटपटू एका बसमध्ये मावले असते आणि प्रत्येकाला खिडकी मिळाली असती. संघटनेचे अध्यक्ष फरशा विकायचे. त्यांना विचारलं, की हा उदय एकदाचा होणार कधी, तर ते म्हणायचे, "पाया घालतोय." फरशीवाला माणूस, पायाच्या पुढे त्याची नजर जायची नाही.

मास्तर पोटापाण्यासाठी गाडी शिकवायचे. टपावर पाटी लावलेली त्यांची बुटकी पांढरी गाडी गावभर धक्के खात फिरायची. शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसे मास्तरांच्याही पायाशी क्लच आणि ब्रेक होते. क्लचला त्यांनी फारसा त्रास दिला नाही, पण ब्रेकवरचं रबर मात्र पार गुळगुळीत झालं होतं. पुढे सायकल दिसली की "थांब!", कुत्रं दिसलं की "थांब!", आणि काहीच दिसलं नाही तर काहीतरी येत असणार म्हणून "थांब!" ही हाक एकेरीच असायची. बँकेच्या व्यवस्थापकीणबाई असोत की मास्तरांच्या सासूबाई, त्या गाडीत अहो-जाहो चालत नसे. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतला टेम्पोवाला ब्रेक मारायचा. मास्तर शिष्यांना पहिल्याच दिवशी सांगत, "मी ओरडलो की थांबायचं. मी गप्प आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे." इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा आला नव्हता. त्यांच्या शिष्यांना तिसरा गिअर कुठे असतो हे लायसन्स मिळाल्यावर कळायचं, ही गोष्ट वेगळी.

घरीही तीच तऱ्हा. नवीन पडदे? थांब. लेकीची सहल? थांब. बायको पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घराला दोन ब्रेक आहेत, एक ह्यांचा आणि दुसराही ह्यांचाच." मास्तर या विनोदावर मनापासून हसायचे. त्यांना ती स्तुती वाटायची.

संघातही अकराच्या अकरा जण त्यांच्याच गाडीत शिकलेले. कप्तानाचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं, सलामीचा फलंदाज पावाची भट्टी चालवायचा, वेगवान गोलंदाज रुग्णवाहिकेवर चालक होता. म्हणून मास्तरांना संघात मान होता. जागा मात्र नव्हती. वर्षानुवर्षं ते राखीव खेळाडू म्हणून मैदानात पाणी नेत आले होते आणि प्रत्येक पेल्यासोबत एक सल्ला फुकट देत आले होते. एकदा, फक्त एकदा देशाकडून खेळायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसाने इच्छा जपून करावी, पण हे त्यांना कोण सांगणार?

उदयोन्मुख देशांची वीस षटकांची स्पर्धा त्या वर्षी त्यांच्याच गावात भरली. मैदान शाळेमागचं, एका बाजूची सीमारेषा म्हणजे लाकडाच्या वखारीची भिंत. अध्यक्षांनी पाहुण्या संघांचं इतकं लांबलचक स्वागत केलं, की नाणेफेकीला उभे असलेले दोन्ही कप्तान खाली बसले. यजमानांनी आजवर एकही आंतरराष्ट्रीय सामना जिंकलेला नव्हता. "यंदा एक तरी जिंकायचाच," अध्यक्ष म्हणाले. त्यानंतर लगेच संघातल्या गणिताच्या शिक्षकांनी सामानाची पिशवी उचलली आणि त्यांची पाठ धरली. मास्तर अकरांत आले. शिक्षक वेदनेने कळवळत होते तेव्हा मास्तरांनी चेहरा गंभीर ठेवायची पराकाष्ठा केली, पण ते काही जमलं नाही.

पहिल्या सामन्यात पाहुण्यांच्या सर्वांत धोकादायक फलंदाजाने चेंडू उंच उडवला. खाली भट्टीवाला धावला, पलीकडून रुग्णवाहिकावाला धावला. दोघे एकमेकांवर आदळणार हे मास्तरांनी हेरलं, त्यांचा उजवा पाय आपोआप गवतात रुतला आणि ते गरजले, "थांब!"

दोघे थांबले. तिसरीकडून येणारा कप्तान थांबला. यष्टिरक्षकही थांबला. चेंडू बापडा कुणाचा शिष्य नव्हता, तो चौघांच्या मधोमध निवांत येऊन पडला. त्या फलंदाजाने पुढे वखारीच्या भिंतीचा रंग उडवला आणि सामना गेला.

"टक्कर झाली असती," मास्तर म्हणाले.

"झेल झाला असता," कप्तान म्हणाला. तो एरवी मास्तरांपुढे मान वर करत नसे, पण आज त्याचा पारा चढला होता. "मास्तर, पुढचा सामना शेवटचा आहे. तुम्हाला खेळायचं असेल तर एक अट. मैदानावर तोंड उघडायचं नाही."

"आणि धोका दिसला तर?"

"गिळायचा."

मास्तरांनी घरी हे सांगितलं तेव्हा बायको पोळपाट तसाच टाकून खुर्चीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "त्या चष्मेवाल्याला एकदा जेवायला बोलवा हो," ती म्हणाली. "मला जे लग्नापासून जमलं नाही ते त्याने एका वाक्यात केलं."

मास्तरांनी गाडीत गप्प बसायचा सराव केला. परिणामी एक शिकाऊ बाई चौकातल्या कारंज्याला उलट्या बाजूने वळसा घालून आल्या आणि उतरताना म्हणाल्या, "आज किती छान शिकवलंत!" हे वाक्य मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

दुसरा सामना सुरू झाला. मास्तर ओठ मिटून सीमारेषेवर उभे. आणि नवल असं, की संघ खेळायला लागला. झेल घेतले गेले. भट्टीवाला आणि रुग्णवाहिकावाला एकमेकांना घासून गेले, पण चेंडू काही सुटला नाही. पाहुणे थोडक्यात आटपले. डाव संपल्यावर पाणी पिताना कप्तान सहज म्हणाला, "मास्तर गप्प असले की किती मोकळं वाटतं, नाही?" सगळे हसले. अध्यक्षही हसले, आणि त्यांना तर गाडीसुद्धा येत नव्हती.

मास्तरही हसले. पण आतून त्यांना फार लागलं. आयुष्यभर ज्यांना आपण वाचवलं म्हणून आपण छाती काढून चाललो, ते लोक आपल्याशिवाय मजेत आहेत, हे त्यांना सहन होईना. एखादी तरी टक्कर व्हायला हवी होती, असं त्यांच्या मनात आलं. आलं आणि राहिलं.

फलंदाजीत नेहमीप्रमाणे पडझड झाली, पण कप्तान एका बाजूने टिकून होता. मास्तर शेवटचे म्हणून उतरले तेव्हा जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि अजून चार चेंडू होते. घाई करायचं काहीच कारण नव्हतं. प्रेक्षकांत मास्तरांची बायको आणि लेक उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आजवर न झालेली गोष्ट आता होणार, हे वखारीतल्या हमालांनाही कळलं होतं. कप्तानाने समोरच्या सीमेकडे फटका मारला. दोघांनी पहिली धाव घेतली. कप्तान पलीकडच्या टोकाला वळला आणि मान खाली घालून दुसरीसाठी सुटला. चेंडू आता त्याच्या पाठीमागे होता. मास्तर अलीकडच्या टोकाला होते आणि सगळं त्यांच्या नजरेसमोर होतं. उंच क्षेत्ररक्षकाने चेंडू केव्हाच उचलला होता. त्याचा हात मागे गेला होता.

नियमाप्रमाणे हाक मास्तरांची होती. ती गळ्यापर्यंत आलीही. कप्तानाने धावता धावता मान वर करून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड मिटलेलं होतं. मास्तर गप्प, म्हणजे रस्ता मोकळा. तो जीव खाऊन पळाला. मास्तरांच्या मनात एकच शब्द आला, "घ्या!" आणि तेही पळाले.

चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पडला तेव्हा कप्तान दोन हात बाहेर होता. यजमान एका धावेने हरले.

आता ते येतील, मास्तरांना वाटलं. म्हणतील, मास्तर, तुम्ही ओरडला असता तर वाचलो असतो. म्हणतील, चुकलो. मग आपण जरा आढेवेढे घेऊन क्षमा करू. सगळे आलेही. मातीने माखलेला कप्तान समोर उभा राहिला. आजवर आंतरराष्ट्रीय विजय काय असतो हे न पाहिलेला तो बिचारा रडत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "त्याने चेंडू उचललेला तुम्हाला दिसला नाही का?"

दिसला म्हणावं, तर पुढचा प्रश्न आलाच असता. सगळे तोंडाकडे बघत होते. लेकही कुंपणाला टेकून बघत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "नाही दिसला."

मग भट्टीवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "व्हायचंच, मास्तर. माझ्या काकांचंही लांबचं दिसणं असंच गेलं." रुग्णवाहिकावाल्याने त्यांची पिशवी उचलली. मैदानाबाहेर जाताना खड्डा आला तर कुणीतरी त्यांचा दंड धरला. मघाशी हसणारी तीच माणसं आता इतकी मायेने वागत होती, की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या त्यांनी आनंदाने खाल्ल्या असत्या.

बातमी अर्थातच गावभर झाली. कारंजेवाल्या बाईंनी निरोप पाठवला, की सध्या जरा घरी कामं आहेत. एका शिष्याची आई गाडीशी येऊन हळूच म्हणाली, "राग मानू नका हं, पण दिसत नाही म्हणतात तुम्हाला?" टपावरची पाटी जागच्या जागी होती, गाडी मात्र दारात उभी राहू लागली. शेवटी कप्तानच येऊन त्यांना दुकानात घेऊन गेला. पैशाचं नावही काढू देईना.

अंधाऱ्या खोलीत मास्तर उंच खुर्चीवर बसले. समोर उजेडात अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर परातीएवढं, तळाची ओळ मुंगीएवढी. मास्तरांना तळाची ओळ दिसत होती. तिच्याखाली छापखान्याचा पत्ता होता, तोही दिसत होता. ती ओळ घडाघडा वाचली असती तर शिष्य परत आले असते. पण मग त्या दिवशी काय झालं, हे या पोराला कळलं असतं.

"आधीच बोलायचं होतं ना, मास्तर," कप्तान त्यांची हनुवटी बोटाने सरळ करत म्हणाला. "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. मला काय माहीत तुमचं हे असं आहे. वाचा बरं, सावकाश."

मास्तरांनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचताना मुद्दाम एक अक्षर चुकवलं.

"तिसरी?"

"नाही रे दिसत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला, की कप्तानाला भरून आलं. त्याने खणातली सर्वांत जाड भिंगं काढली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकावर चढवली.