फुग्यातला आवाज

विज्ञानाच्या बाई पोरांना घट्ट फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरायला लावत आणि शेजारच्याला त्या फुग्याला तोंड लावून बोलायला सांगत. तळवे झिणझिणले की पोरं खिदळत.

"हाताला आवाज कळतो, शब्द कळत नाहीत," बाई म्हणत. "तेव्हा खुशाल शिव्या घाला."

निवृत्तीनंतर बाईंचे कान पार गेले. कानातलं यंत्रही उपयोगी पडेना. नात बोलू लागली ती त्यानंतर, त्यामुळे तिचा आवाज बाईंनी कधी ऐकलाच नाही.

एका दुपारी त्यांनी दम लागेपर्यंत फुंकून फुगा फुगवला, तळव्यांत धरला आणि नातीला खूण केली. नात ओठ टेकवून बोलली. तळवे झिणझिणले. मग ती थांबली.

"शिव्या घाल हवं तर," बाई म्हणाल्या, "पण थांबू नकोस गं."