पाय धुण्याच्या वेळी केलेलं भाषण

विषय : तरुणांच्या शिबिरात पाय धुण्याच्या प्रसंगी माझ्याकडून घडलेला प्रकार.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, प्रकार घडला, सर्वांच्या देखत घडला आणि तो मीच केला. चौकशी नेमायची गरज नाही. तुम्ही चहा घ्या, मी सावकाश सांगतो. माझी बाजू घ्यावी असं यात कुठं काही सापडलं, तर मला मध्येच थांबवा.

मी बेळगावात खासबागेत राहतो. कचेरीत कारकून होतो, निवृत्त झालो आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागलो. दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या भागातल्या चर्चांचं तरुण शिबिर निपाणी रस्त्यावरच्या एका शाळेत भरतं. गेल्या वेळी लीडर कमी पडले. पाळकसाहेब म्हणाले, "अण्णा, तुम्ही चला. पोरांना कुणीतरी वडीलधारं पाहिजे."

वडीलधारं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मी ते 'साहेब' असं समजलो. जन्मभर दुसऱ्याला साहेब म्हटलेल्या माणसाचं दुसरं काय होणार?

शिबिरात निपाणीचा अविनाश होता. विशीतला, ढोलकी वाजवणारा. वडील वारल्यापासून तो चर्चची पायरी चढला नव्हता. त्याच्या आईनं, मार्थाआक्कांनी, हातापाया पडून त्याला शिबिराला आणलं होतं. पोहोचवायला आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अण्णा, एवढं शिबिर त्येचं नीट पार पडू दे. आता मधनंच उठून गेला, तर परत यायचा न्हाय बघा."

मी गंभीरपणे मान हलवली. गंभीरपणे मान हलवायचा मला दांडगा अनुभव आहे.

दुसऱ्याच दिवशी दुपारच्या विश्रांतीत व्हरांड्यात ढोलकी वाजू लागली. विश्रांती म्हणजे विश्रांती! मी उठलो, ढोलकी काढून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. इथंच थांबायला हवं होतं. पण आवाजानं सगळी पोरं गोळा झाली होती, आणि समोर श्रोते दिसले की मला राहवत नाही.

"बापानं हेच शिकवलं काय रे तुला?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. "ढोलकी बाबांनीच शिकवलीय."

तो आत गेला आणि पिशवी भरू लागला.

थोड्या वेळानं पाळकसाहेब माझ्याकडे आले. "अण्णा, संध्याकाळच्या शेवटच्या बसनं जातो म्हणतोय. पाय धुण्याचा कार्यक्रम होईपर्यंत थांब म्हणून कसाबसा वळवलाय. तुमच्या जोडीला त्यालाच दिलंय. त्यातनं मिटलं तर मिटलं."

आता हे जरा समजून घ्या. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, हा प्रसंग गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे दरवर्षी वाचतात. लहानपणापासून मी तो ऐकतोय. पण आमच्या चर्चमध्ये तो नुसता वाचतात. पाय कुणी कुणाचे धूत नाही. शिबिरात मात्र लीडर खाली बसून पोरांचे पाय धुतात. हे आदल्या दिवशी लीडरांच्या बैठकीत सांगितलं होतं म्हणे. बैठकीत डोळे मिटून बसायची सवय मला कचेरीतली.

शिवाय बेळगावच्या निवृत्त माणसाला आणखी एक सवय लागते. सत्काराची. मराठी मंडळी बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. कानडी मंडळी बोलावतात, हार घालतात, डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे त्यांचा जरीचा फेटा, ठेवतात. खुर्ची दिसली की आपण बसायचं. पुढचं सगळं लोक करतात.

तेव्हा मी असा अर्थ लावला : पोरानं उलट उत्तर दिलं, आता तो वडीलधाऱ्याचे पाय धुऊन क्षमा मागणार. पद्धत जरा जुनी, पण मला पटली. पोराला फार त्रास नको म्हणून मी आधीच साबणानं पाय स्वच्छ धुतले, नखं काढली आणि इस्त्रीचा सदरा चढवला. उदार मन म्हणतात ते हे!

संध्याकाळी प्रार्थना झाली. वर्गात जोडीजोडीनं एक खुर्ची, समोर पाट, शेजारी पाण्याची बादली, घमेलं आणि टॉवेल मांडला होता. मी खुर्चीत बसलो आणि पाय पुढे केले.

अविनाश येऊन उभा राहिला. "अण्णा, ही खुर्ची माझी हाय न्हवं?"

"बस रे खाली. लाजू नको."

त्यानं पाळकसाहेबांकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले. पोरगं क्षणभर थांबलं, मग पाटावर बसलं आणि माझ्या पायांवर पाणी घालू लागलं.

"टाचेकडनं घे जरा," मी सुचवलं.

आणि मग मी बोलू लागलो. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण सत्कारमूर्तीनं दोन शब्द बोलायचे असतात. मी आयोजकांचे आभार मानले. अविनाशला क्षमा केल्याचं जाहीर केलं. तरुण पिढी आणि नम्रता यावर बोललो. ओघात कचेरीतले काही अनुभव सांगितले. सगळे इतके शांत होते, की मला वाटलं, भाषण काळजाला भिडतंय.

ते भिडतंय कुणाला, हे बघायला मी मान वळवली. शेजारी रूथआक्का, निवृत्त नर्स, माझ्याहून वयानं मोठ्या. त्या जमिनीवर बसून एका शाळकरी मुलीच्या पायांची बोटं पुसत होत्या. पलीकडे पाळकसाहेब गुडघ्यांवर. सगळे लीडर खाली, सगळी पोरं वर. अख्ख्या वर्गात एकच जोडी उलटी.

माझं वाक्य अर्धवटच राहिलं.

"झालं काय अण्णा?" अविनाशनं विचारलं. "टाळ्या वाजवू?"

"तुला ठाऊक होतं?"

"समद्यास्नी ठाऊक हुतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो की! खुर्ची माझी हाय म्हटलं. तुमी म्हणला, लाजू नको."

मी उठलो, त्याला खुर्चीत बसवलं आणि खाली बसलो. म्हणजे रूथआक्कांनी एका दंडाला आणि पाळकसाहेबांनी दुसऱ्या दंडाला धरून मला खाली पोचवलं. बादलीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. त्यानंच मी त्याचे पाय धुतले. भाषण सगळं संपलं होतं. एवढंच म्हणालो, "तुझ्या बाबांचं नाव काढायला नको होतं मी."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, "बस गेली असंल आता."

"कधी?"

"तुमी कचेरीचं सांगत हुता, तवाच."

आणि हसला. लई हसला. मग हळूहळू सगळा वर्ग हसला. पाळकसाहेबांनी टॉवेल तोंडावर धरला. मी जाऊन कपाटाचं कुलूप काढलं. माझ्या भाषणानं कुणाचं भलं झाल्याची माझ्या माहितीत ही एकमेव नोंद आहे.

अविनाश शिबिर संपेपर्यंत राहिला. आता तो निपाणीच्या चर्चमध्ये रविवारी ढोलकी वाजवतो. मार्थाआक्का मला भेटल्या की हात जोडतात. त्यांना खरं काय घडलं ते कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही सांगत नाही. शिबिराच्या समितीवर यंदा अविनाशला घेतलंय. लीडर कोण, हे ठरवायचं काम त्याच्याकडे आहे.

येत्या शिबिरासाठी मी लीडर म्हणून रीतसर अर्ज केला आहे. अविनाशकडे विचारणा केली असता, "बघतो अण्णा, वर मांडलाय," असं तोंडी उत्तर मिळालं.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.