माणिकबाईच्या पाठोपाठ

माणिकबाई उठताना जमिनीला हात टेकवत नसे, एवढी एक गोष्ट गोदावरीबाईंच्या डोळ्यांत फार खुपायची.

दोघींचं वय सारखंच, पन्नाशीच्या पुढचं. माणिकबाईचा फुलांचा मळा अमरावतीबाहेर, भातकुलीच्या रस्त्यावर दीड कोसावर. रोज सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन चालत गावात यायची, कमलाकांत वकिलांच्या ओसरीवर उकिडवी बसून देवाची फुलं पानात बांधून द्यायची आणि तशीच सरळ उभी राहायची. वकिलांच्या बायकोला, म्हणजे गोदावरीबाईंना, पाटावरून उठायला सुनेचा हात लागायचा. रात्री झोप नाही, चार पायऱ्या चढल्या की धाप. १९५९ साली घरात जुनी मोटर आली, तेव्हापासून तर देवळातही त्या मोटरीनंच जात.

वकील एरवी घरात मोजकं बोलत. पण माणिकबाई आली की हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून बाहेर येत. नाल्याला पाणी किती, कुणाच्या शेतात कापूस फुटला, सगळं विचारत. ती सांगे आणि दोघं हसत. एकदा ते बायकोला सहज म्हणाले, "हिच्याकडे बघ. हिला कधी खोकताना तरी पाहिलंस?"

त्या दिवशी गोदावरीबाईंना जेवण गेलं नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी माणिकबाईला दारातच सांगितलं, "उद्यापासून फुलं नकोत. तुझी फुलं दुपारीच माना टाकतात."

"बरं बाई," एवढंच म्हणून ती गेली.

फुलं बंद झाली, जळणं बंद झालं नाही. चालते म्हणून एवढी मिरवते काय, मीही चालून दाखवते, असं मनाशी म्हणत एका सकाळी गोदावरीबाई कुणाला न सांगता भातकुलीच्या रस्त्यानं निघाल्या. नाक्यापुढच्या पुलापर्यंतच पाय थरथरू लागले. त्या कठड्यावर बसल्या, तोच गावातून रिकामी टोपली घेऊन परतणारी माणिकबाई समोर उभी.

"काहून बसल्या बाई इथं? मोटर बिघडली काय?"

"फिरायला आले," गोदावरीबाई तोंड फिरवून म्हणाल्या.

माणिकबाई हसली नाही, शेजारी बसली. गोदावरीबाईंना तेही बोचलं. हसली असती तर भांडता तरी आलं असतं. तेवढ्यात एक मोटर भर्रकन गेली. धूर नाकात, धुराळा डोळ्यांत.

"तुमच्या मोटरीनंबी असंच होते," पदर झटकत माणिकबाई म्हणाली. "तुमी सांजच्याले हवा खाले जाता, तवा माह्या सडकेकडच्या वाफ्यावर सारा धुराळा बसते. मंग फुलं धुवा लागते. धुतलेलं फूल टिकत नाई. सांगाचंच होतं मले, तं तुमीच फुलं बंद केली."

माणिकबाईनं हात पुढे केला. तो न धरता, कठड्याला टेकून त्या उठल्या.

संध्याकाळची मोटरची फेरी त्यांनी बंद करायला लावली. सकाळी मात्र परतणाऱ्या माणिकबाईच्या पाठोपाठ रोज निघू लागल्या. आधी पुलापर्यंत, मग पुढच्या चिंचेपर्यंत. दिवाळीला थेट मळ्यात पोचल्या आणि सडकेकडच्या वाफ्यातली शेवंती स्वतः तोडून आणली. ती दोन दिवस टिकली. आपल्याला झोप कधीपासून लागू लागली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. नाल्याची खबर आता वकील त्यांनाच विचारत. पण माणिकबाईची चाल अजून पुढेच होती. तिच्या टाचा समोर दिसल्या की गोदावरीबाई ओठ आवळून पाय उचलत.

१९६७ साली माणिकबाई आपल्या लेकीकडे, शालूकडे, अकोल्याला राहायला गेली. दोन महिने गोदावरीबाई एकट्याच चालल्या. मग रेल्वेनं अकोल्याला गेल्या आणि स्टेशनवर टांगा न करता, पत्ता विचारत विचारत शालूच्या दारात उभ्या राहिल्या. माणिकबाईनं त्यांना गच्च धरलं. आत एक बाई चहा पीत बसली होती.

"ह्या रुख्मिणीबाई," माणिकबाई कौतुकानं म्हणाली. "आमी दोघी रोज मोर्णा नदीच्या काठानं फिरून येतो. लई तुरतुर चालते!"

गोदावरीबाईंनी रुख्मिणीबाईला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "किती चालता?"

"अर्धा कोस होत असन."

"आम्ही तीन कोस चालायचो," गोदावरीबाई म्हणाल्या आणि त्या दोघींच्या मधोमध जाऊन बसल्या.