नाथाजी मिस्त्रीचा कान

सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात नाथाजी मिस्त्रीच्या कानाला मान होता. मूळचा म्हसवडचा. सव्वीस वर्षं तो बेअरिंगवर लोखंडी सळई टेकवून दुसरं टोक कानाला लावायचा आणि सांगायचा, "हे गेलंय, खोला." खोललं की तसंच निघायचं.

गेली दोन वर्षं मात्र उजव्या कानानं त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्यानं जेमतेम. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायको रंगुबाई मोठ्यानं बोलली की उलट तिलाच म्हणायचा, "वरडतीस कशाला?" सळई रोज लावायची, डोळे मिटायचे आणि हाताला लागणाऱ्या थरथरीवरून काहीतरी सांगायचं, असं चाललं होतं.

यंदा विश्रामबागेतली सोनिया ही तरुण इंजिनिअर रुजू झाली. तिनं बॉयलरच्या मोठ्या पंख्याच्या शाफ्टजवळ बोटाएवढे सेन्सर बसवले. ते शाफ्टला शिवत नसत. मिलिमीटरभर लांबूनच तो किती हलतोय ते मोजत. आकडा पडद्यावर यायचा.

डिसेंबरात आकडा चढायला लागला. सोनियानं मिस्त्रीला बोलावलं.

"काका, मला बेअरिंगची शंका येतेय. एकदा ऐकून बघता? तुम्ही हो म्हणालात तर पंखा बंद करायला सांगते."

चार माणसं बघत उभी होती. नाथाजीनं सळई लावली. आवाज नाहीच. थरथर लागत होती, पण नेहमीची की जास्त, ते त्याला ठरवता येईना.

"काय न्हाई," तो म्हणाला. "तुमचा शेन्सरच सरकला आसंल."

तिसऱ्या दिवशी सकाळी बेअरिंग फुटलं. झाकणाचा तुकडा उडून तेल घालणाऱ्या सिद्धूच्या कोपरावर बसला. हाड मोडलं.

चौकशीत सोनियानं लिहून दिलं, 'आकडा वाढलेला दिसत असूनही मी पंखा बंद करण्याचा आग्रह धरला नाही. चूक माझी आहे.' मिस्त्रीचं नाव त्यात कुठंच नव्हतं. कारखान्याचे साहेब तिला सगळ्यांदेखत बोलले. नाथाजी मागं उभा होता. त्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण पोरीची खाली गेलेली मान दिसली. तरी तो बोलला नाही. चार दिवस बोलला नाही.

पाचव्या दिवशी तो सिद्धूच्या घरी गेला आणि सगळं सांगितलं. सिद्धू प्लास्टरचा हात सावरत पुढं सरकला. मग नाथाजीच्या डाव्या कानाजवळ वाकून म्हणाला, "मला ठावं हुतं, दादा. मागनं हाक मारली तर तू वळत न्हवतास. मीबी गप बसलो."

तिथून नाथाजी थेट साहेबांकडं गेला. सोनिया तिथंच होती. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "ऐकू येत नाही म्हणाला असतात, तर मी आकड्यावर विश्वास ठेवला असता." आवाज चढलेला नव्हता. साहेबांनी तिचा कागद फाडून नाथाजीकडून नवा लिहून घेतला.

नाथाजी आता स्टोअरमध्ये असतो, कानाला मशीन लावून. सिद्धू कामावर परतलाय, पण त्याचा हात पुरता सरळ होत नाही. तो ग्रीस मागायला दारात दिसला, की नाथाजी खाली बघतच डबा पुढं सरकवतो.