सहा मिलिमीटरची गाठ अन् तीन बोटं

मान अवघडली म्हणून सोनोग्राफी केली, तर मानेचं काही नाई निघालं, थायरॉईडमधी गाठ निघाली. सहा मिलिमीटरची. आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टर्समधी बातमी माझ्या आधी घरी पोचली. पोरीचं लग्न दोन महिन्यांवर, अन् बायको कुकर लावता लावता रडून राह्यली होती.

शिफ्ट सुटली का आमची बैठक पानठेल्यावर. तिथी सगळेच डॉक्टर. पन्नीत सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा घोटता घोटता एक जण म्हणे, "भाऊ, सुई टोचून तपासून घे. गाठ म्हणजे कॅन्सरच." दुसऱ्याचा साळा म्हणे सुई टोचल्यानंच वाचला. साळ्याले झालं काय होतं, हे त्याले ठाऊक नव्हतं. मीही खर्रा गालात दाबून मान डोलावली. खरं सांगतो, मले लय भेव वाटत होतं. पोरीच्या लग्नापर्यंत राहू दे, एवढंच मागणं होतं.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट पाहिले, गळा चाचपला अन् म्हणाल्या, "काका, याला सुई नको. गाठ लहान आहे, सोनोग्राफीत खराब लक्षण एकही नाही, घरात कोणाला हा आजार नाही. अशा गाठी कितीतरी लोकांना असतात. उगाच टोचलं आणि रिपोर्ट अर्धवट आला, तर नसतं ऑपरेशन मागे लागेल. वर्षानं परत सोनोग्राफी करू."

मले रागच आला. रजा टाकली, कंपनीच्या दवाखान्यातून चिठ्ठी आणली, अन् ही बाई मले तसंच वापस धाडून राह्यली. म्हटलं, "मॅडम, काऊन टाळता? टोचून टाका न एकदाची."

त्यांनी माझ्या फुगल्या गालाकडे पाहिलं. "आधी ते थुंकून या. मग तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा."

दोनच गेली, तीही दाताले घासत. "तीन सहज जायला हवीत, काका. खर्ऱ्यानं तोंड आखडत चाललंय." मग त्यांनी टॉर्च मारला. तिखट लागलं का तोंड जळते काय, विचारलं. वर्षभरापासून जळत होतं, अन् वर्षभर मी बायकोच्या भाजीले नावं ठेवत होतो. गालाच्या आतून पांढरा चट्टा होता. "सुई गळ्याला नको," त्या म्हणाल्या. "कॅन्सरची भीती इथं आहे. तुकडा इथला काढून तपासायचा."

बायको सोबत आली होती, बाजूच्याच खुर्चीवर बसून होती. "मी सालभर मिरची कमी करून राह्यली, जी," एवढंच बोलली.

तुकडा काढून आठ दिवस झाले नाई, तर पानठेल्यावर सगळ्यांनी घेरलं. सुई टोचली काय, दुखलं काय. म्हटलं, सांगतो, पयले सगळे तीन बोटं तोंडात घाला. हसत हसत घातली. मग एकेकाचं हसणं बंद झालं. साळ्यावाल्याचं तर एकच बोट गेलं. त्यानं ते पुसलं, हातातल्या पन्नीकडे पाहिलं अन् खिशात ठेवून देली.

माझा रिपोर्ट उद्या येते. घरी लग्नाच्या पत्रिका लिहिणं चालू आहे. बायको भाजीत आता मिरची टाकतच नाई, अन् मी गपचाप जेवतो.