दोन हाकांची फाईल

माझी माय लातूरला दाळमिलीत डाळ निवडायला जायची. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते आडतीवर पोती उचलायचे. राहायला पत्र्याची एक खोली. उन्हाळ्यात पत्रा तापला की माय पोतं ओलं करून दारावर टाकायची. कामावरून आली की तिच्या भुवया डाळीच्या भुकटीनं पिवळ्या झालेल्या असायच्या. तोंडाला पदर बांधायची, तरी खोकला होताच. शिवाय घरी निवडायला आणखी डाळ आणायची, आणि माझा अभ्यास त्या सुपाच्या आवाजातच व्हायचा. मी बारावी झाले तेव्हा आमच्या भावकीत बारावी झालेलं कुणीच नव्हतं, पोरगासुद्धा नाही. हे मी ताठ मानेनं सांगते.

पुढं नांदेडच्या कॉलेजात बी.ए.ला गेले. तिथं तासाला सर भराभर इंग्रजीत बोलायचे आणि माझं लिहिणं मागं राहायचं. म्हणून पहिली शिष्यवृत्ती आली तेव्हा एक बारका एमपीथ्री प्लेअर घेतला, आवाज रेकॉर्ड करणारा. मैत्रिणी त्यात गाणी भरायच्या. मी तास भरायची.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आले, तर आण्णांनी औशाकडचं स्थळ आणलेलं. माय म्हणाली, "पोरगी शिकंल." आण्णा म्हणाले, "लई झालं शिकनं." तिथून दोघांचा अबोला सुरू झाला. आमच्याकडं अबोला म्हणजे मधल्या माणसाचे हाल. दोघं हातभर अंतरावर बसलेले, आणि मी टपाल.

"तुझ्या बापाला सांग, भाकर झाली."

"तुझ्या मायला सांग, भूक न्हाई."

"सांग त्यान्ला, न्हाई तर न्हाई. कुत्रं खाईल."

आठवडाभर असं चाललं. एका दुपारी तास ऐकायला म्हणून मी प्लेअर काढला आणि घाईत दुसरंच बटन दाबलं. कानात काही वाजेना. बॅटरी गेली असेल म्हणून तो तसाच कोनाड्यात ठेवला आणि हापशावर पाण्याला गेले.

नांदेडला परत आल्यावर कळलं की त्यात सतरा मिनिटांचं आमचं घर भरलंय. आधी सूप, मग मायचा खोकला, मग तिचं गुणगुणणं. बाहेर आण्णा चप्पल ठोकत बसलेत, त्याची ठक ठक. मग मायचा आवाज येतो, "आवं, ऐकलं का?"

मायनं जन्मात कधी आण्णांचं नाव घेतलं नाही. 'ऐकलं का' हेच तिच्या तोंडी त्यांचं नाव होतं. म्हणजे अबोला तिनंच मोडला होता, आणि मी तिथं नव्हते. त्या हाकेसरशी ठक ठक थांबते, म्हणजे आण्णांनी ऐकलं. मग ती परत सुरू होते. माय जरा मोठ्यानं म्हणते, "ऐकलं का म्हन्ते?" या वेळी ठक ठक थांबतसुद्धा नाही. नंतर नुसतं सूप, माझी पावलं, आणि संपलं.

त्या सुट्टीच्या शेवटी मायनंच मला एसटीत बसवून दिलं होतं. आण्णा आले नव्हते. पुढं त्यांचा अबोला कधीतरी आपोआप विरला, स्थळही मागं पडलं, आणि त्याविषयी घरात कुणी बोललं नाही. मी पदवीधर झालेली मायनं पाहिली. नोकरी लागलेली पाहिली नाही.

ती गेल्यावर मी ती फाईल नांदेडला एकटीच ऐकायची. आण्णांना सांगायची हिंमत होत नव्हती. ते लातूरच्या त्याच खोलीत एकटे राहत होते. मग जुन्या प्लेअरचं पोट फुगलं. आतली बॅटरी फुगली म्हणजे कधीही जाईल, असं कळलं. तेव्हा मी फाईल काढून घेतली आणि सांगून टाकलं, "आण्णा, मायचा आवाज हाय माझ्याजवळ."

ते म्हणाले, "मलाबी दे की."

माझा पगार नवा होता आणि मला तो दाखवायचा होता. मी काचेचा, बोट फिरवायचा, सगळ्यात भारी प्लेअर घेतला आणि रविवारी लातूरला गेले. दुपारी बाराला खोलीत सूप वाजायला लागलं. बाहेरून चाललेली शेजारची काकू दारातच थबकली. "अगं बाई," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तशीच माघारी गेली.

आण्णा भिंतीला टेकून ऐकत होते. पहिली हाक आली तशी त्यांनी मान वर केली, मायच्या नेहमीच्या जागेकडं. दुसरी आली. फाईल संपली.

"ओ का न्हाई दिली तवा?" मी विचारलंच. माझा स्वभाव सरळ आहे, आणि हा प्रश्न मी बरीच वर्षं बाळगला होता.

"दोनच झाल्या."

"काय दोन?"

"हाका. तिसरीला ओ द्यायची आसती. दोन हाका कुनाच्याबी आसू शकतात."

आमच्याकडं मानतात तसं. बाहेरच्या वाऱ्यातलं, भूतबीत काही असलं तर ते तिसरी हाक मारत नाही, म्हणून तिसरीपर्यंत ओ देऊ नये. पण त्या दुपारी वारा नव्हता, माय होती, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी तोंड फिरवलं. "वाट बघत हुतो म्या तिसरीची. तिनं मारलीच न्हाई."

मी परत गेल्यावर चौथ्या दिवशी काकूच्या फोनवरून त्यांचा फोन आला. "तुझी माय बोलून न्हाई राहिली."

पुढच्या रविवारी जाऊन पाहिलं. काचेवर आण्णांचं बोट उमटतच नव्हतं. जन्मभर पोती ओढून बोटं अशी गुळगुळीत आणि कडक झालेली, की त्या यंत्राला ते बोट वाटतच नव्हतं. आण्णा म्हणाले, "रेशनवाल्याच्या मशिनीलाबी म्या मान्य न्हाई. तुझा डबा तर शिकलेला." मला लाज वाटली. एवढी शिकले आणि वस्तू घेताना बापाचे हात बघितले नाहीत.

नांदेडला मी परत दुकानं पालथी घातली. एकात भजनांनी भरलेला डबा होता, त्यातली भजनं पुसता येत नव्हती. दुसरीकडं नुसत्या कानात घालायच्या वायरीचे प्लेअर, आणि वायरीला आण्णा 'कानात गोम' म्हणायचे. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं खालच्या फळीवरून एक काळा प्लेअर काढला. पाच जाड बटनं, स्वतःचा स्पीकर. "आपा, अब ये कोई नै पूछता. मोबाईल लेलो ना."

"नक्को चाचा. बटनं पाहिजेत."

त्यानं फाईल भरली आणि वाजवून बघितली. "इसमें तो खडखडच है. साफ करू क्या?"

"राहू द्या. ते सूप आहे."

तो पुढं ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "दो बार बुलाए. किसको?" मी पैसे मोजून त्याच्या हातात ठेवले.

लातूरला मी आण्णांचं बोट धरून मधल्या बटनावर ठेवलं. त्यांनी दाबलं आणि मी चहा ठेवला. फाईल सुरू झाली, दोन हाका आल्या, सूप वाजत संपलं. मी कप घेऊन वळले तर सूप परत वाजायला लागलं. त्या प्लेअरमध्ये एकच फाईल होती. ती संपली की तो तीच पहिल्यापासून लावायचा. दुकानात आम्ही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं, म्हणून मला हे माहीत नव्हतं. मी बंद करायला धावले. आण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

खोकला. गुणगुणणं. ठक ठक.

"आवं, ऐकलं का?"

ही तिसरी होती.

"ओ," आण्णा म्हणाले. मग घसा खाकरून परत, जरा मोठ्यानं, "ओ. ऐकलं. शिकू दे तिला."

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मागं माय म्हणत होती, "ऐकलं का म्हन्ते?" आणि आण्णा चिडल्यासारखे म्हणाले, "आगं हाव म्हनलं ना!"

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी बी.ए.वर एम.ए. केलं होतं, त्यावरच नोकरी लागली, आणि आज कॉलेजात शिकवते. आण्णा रोज दुपारी स्वतःच्या बोटानं बटन दाबतात आणि मायला ओ देतात.